ध्रुवाचा हिशेब कुलाब्यातही लिहिला गेला

“काहून बाप्पा, तठी बर्फात जाऊन काय भेटलं त्याइले? अठी संत्र्याले भाव भेटत नाही, अन् तुमी ध्रुवाच्या गोष्टी सांगता!”

हे वाक्य चांदूर बाजारात मी बाजार समितीच्या फाटकापाशी ऐकलं आहे, एस.टी.त ऐकलं आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे, आणि त्याचं जास्त वाईट वाटलं. संत्र्याचं दुःख खरं आहे. आंबिया बहराची फळगळ सुरू झाली की घराघरात काय होतं ते मला कोणी समजावून सांगायला नको. पण त्या दुःखाच्या आडोशाला उभं राहून जे मत मांडलं जातं ते चुकीचं आहे. आता ते इतकं सर्रास झालं आहे की त्याला कोणी उत्तरही देत नाही.

आधी ते मत त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, म्हणजे सोयीचं तेवढंच खोडलं असं कोणी म्हणायला नको. ध्रुवांवरच्या मोहिमा म्हणजे गोऱ्यांची शर्यत. झेंडा आधी कोणी रोवला एवढाच तिथला प्रश्न, विज्ञानाचं नाव फक्त पैसे मागण्यापुरतं. होकायंत्राची सुई कुठे किती कलते हे मोजण्यापायी माणसं बर्फात मेली, आणि तेही साम्राज्याच्या जहाजांची सोय व्हावी म्हणून. आपण तेव्हा पारतंत्र्यात होतो. त्यात आपला हात नव्हता आणि वाटाही नव्हता. आज आकाशात उपग्रह फिरत असताना अंटार्क्टिकावर माणसं पाठवणं म्हणजे सरकारी खर्चाची सहल. तेव्हा वऱ्हाडातल्या माणसाने तिकडे ढुंकूनही पाहू नये.

यातलं जवळजवळ एकही विधान पुराव्यापुढे टिकत नाही.

शर्यतीपासून सुरुवात करू. ॲमंडसन आणि स्कॉट यांची जी शर्यत आपल्याला पाठ असते ती 1911-12 सालची, भौगोलिक दक्षिण ध्रुवाची. चुंबकीय ध्रुवाचं काम त्याच्या ऐंशी वर्षं आधीचं आहे आणि त्याची जातच वेगळी आहे. ते समजून घ्यायला बर्फ लागत नाही. शिवणाची एक सुई घ्या. तिच्या बरोबर मधोमध दोरा बांधा, ती आडवी तोलून राहील अशी. मग चुंबकावर एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा घासा आणि पुन्हा टांगा. आता तिचं एक टोक उत्तरेकडे वळेल. पण ती आडवी राहणार नाही, उत्तरेचं टोक खाली झुकेल. चांदूर बाजारात हा झुकाव तीस अंशांच्या आसपास आहे. हीच सुई घेऊन तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे गेलात तर ती जवळजवळ आडवी होईल, कारण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. उलट उत्तरेकडे जात राहिलात तर झुकाव वाढत जाईल आणि एका जागी सुई सरळ उभी राहील. 1 जून 1831 रोजी जेम्स क्लार्क रॉस कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर त्या जागी पोचला तेव्हा त्याच्या यंत्राने 89 अंश 59 मिनिटं झुकाव दाखवला. सरळ उभं राहायला एक मिनिट कमी.

यात शर्यत कुठे आहे? ही मोजणी आहे, आणि चांदूर बाजारातली सुई आणि बूथियातली सुई एकाच मोजणीत बसतात.

रॉसनंतर अवघ्या वर्षभरात, 1832 मध्ये, जर्मनीत ग्योटिंगेनला कार्ल फ्रीडरिश गाउसने चुंबकीय बलाची ताकद ठरलेल्या एककांत मोजण्याची रीत काढली. त्याआधी फक्त दिशा कळायची, जोर किती ते एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करूनच सांगावं लागे. पुढे त्याने पृथ्वीच्या चुंबकत्वाचा एक गणिती आराखडा मांडला आणि त्यावरून दक्षिण चुंबकीय ध्रुव कुठे असावा हे कागदावर काढलं. तो खरा की खोटा हे तपासायला कोणीतरी तिथे जाणं भाग होतं. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने 1836 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून जगभर चुंबकीय वेधशाळा उभारायची गळ घातली, एडवर्ड सॅबिनने तो विषय लावून धरला, आणि 1839 मध्ये रॉस ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन दक्षिणेकडे निघाला. त्याला चुंबकीय ध्रुव गाठता आला नाही. मध्ये डोंगर आणि बर्फ आडवे आले. पण झुकाव मोजत मोजत त्याने ध्रुवाची जागा अदमासाने काढली, आणि ती गाउसच्या कागदावरच्या जागेपासून बरीच दूर निघाली. झेंड्यासाठी गेलेला माणूस अशा निकालाने खट्टू झाला असता. मोजायला गेलेल्याला तोच निकाल हवा असतो.

आता मुख्य मुद्दा, आणि माझा सगळा भर यावरच आहे. ध्रुवावर घेतलेल्या एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो. सुई हलली, तर ती का हलली? जवळच्या खडकात लोखंड होतं? यंत्र बिघडलं? की सगळ्या पृथ्वीचंच चुंबकत्व त्या क्षणी थरथरलं? हे ठरवायला त्याच क्षणी, हजारो मैलांवर, दुसऱ्या कोणीतरी तितक्याच निगुतीने आकडा लिहिलेला लागतो. म्हणून या मोहिमेत ठरावीक दिवस नेमले होते. त्या दिवशी जगातल्या सगळ्या वेधशाळांनी ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, दर काही मिनिटांनी, एकाच वेळी वाचन करायचं. मे 1840 मध्ये रॉस दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटावर असताना अशाच नेमलेल्या दिवशी त्याच्या सुया अस्वस्थ झाल्या, आणि त्याच वेळी पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला कॅनडात टोरांटोच्या सुयाही. दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं की ही सबंध ग्रहाची घटना आहे. एकट्या रॉसला ते कधीच कळलं नसतं.

या जाळ्यात ब्रिटिश सरकारच्या वेधशाळा टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि होबार्टला होत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या वाट्याला सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई आली. कुलाब्याची वेधशाळा 1826 पासून होती, मुख्यतः जहाजांना वेळ दाखवायला आणि ताऱ्यांचे वेध घ्यायला. 1841 पासून तिथे चुंबकीय वाचनं सुरू झाली. म्हणजे रॉसची जहाजं अंटार्क्टिकाच्या बर्फात शिरली त्याच वर्षी.

“आपला हात नव्हता” म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. कुलाबा वेधशाळेची जबाबदारी एल्फिन्स्टन संस्थेतल्या आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार या प्राध्यापकाकडे होती. ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ ती सांभाळली. आणि 1840 च्या सुमारास तिथे नोकरीला लागला तो अलिबागजवळच्या नागावचा, पंधरा-सोळा वर्षांचा केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढचे केरूनाना छत्रे. डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर ज्यांच्याकडे गणित शिकले ते. आपण केरूनानांना पंचांगशोधनासाठी ओळखतो, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे म्हणून ओळखतो. पण ऐन उमेदीची सुमारे दहा वर्षं ते ज्या वेधशाळेत होते ती तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सगळ्यात मोठ्या सामुदायिक मोजणीचं एक ठाणं होती, हे किती मराठी शाळांत सांगितलं जातं?

ते काम कसं होतं ते डोळ्यांपुढे आणा. एक बंद खोली. वारा येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. मधोमध टांगलेला जड चुंबक आणि त्याला चिकटवलेला छोटा आरसा. काही फुटांवर पक्की बसवलेली दुर्बीण आणि तिच्याजवळ एक मोजपट्टी. दुर्बिणीला डोळा लावला की आरशात मोजपट्टीचे आकडे दिसतात. चुंबक केसभर जरी फिरला तरी आकडे सरकतात. वाचणाऱ्याच्या खिशात किल्ली नको, चाकू नको, अंगावर लोखंड म्हणून काही नको. घड्याळ ग्योटिंगेनचं, मुंबईच्या सव्वाचार तास मागे. ठरलेल्या क्षणी आकडा पाहायचा, वहीत लिहायचा, पुढच्या क्षणाची वाट पाहायची. दिवसा आणि रात्रीसुद्धा. मुंबईच्या पावसाळ्यात, दमट हवेत, अंगाला कपडे चिकटलेले असताना. यात थरार नाही म्हणून हे काम कमी दर्जाचं ठरतं का? बर्फात केलेलं वाचन विज्ञान आणि घामाने भिजून केलेलं वाचन कारकुनी, असं म्हणायला आपली जीभ धजावते कशी?

या कामाचं मोल 2 सप्टेंबर 1859 च्या सकाळी ठरलं. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावरच्या डागांचं चित्र काढताना एक पांढरा लखलखाट पाहिला होता. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळलं. तारायंत्रं बिघडली आणि ध्रुवीय प्रकाश एरवी कधीच दिसत नाही अशा देशांत दिसला. युरोपातली नोंदयंत्रं मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्यात मात्र डोळ्यांनी वाचन चालू होतं. एरवी तासातासाने होणारी वाचनं त्या दिवशी पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी केली गेली. क्षितिजसमांतर बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरलेलं त्या वहीत सापडतं, म्हणजे तिथल्या एकूण बलाच्या चार टक्क्यांच्या घरात. ध्रुवाजवळच्या वेधशाळांवर आकाशातल्या प्रकाशाचे स्थानिक प्रवाह इतके जोरात असतात की सबंध पृथ्वीभोवतीच्या प्रवाहाचा अंदाज तिथून नीट लागत नाही. त्यासाठी कुलाब्यासारखं विषुववृत्ताकडचं ठाणंच लागतं. 2003 साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी अमेरिकेच्या ब्रूस त्सुरुतानी आणि इतरांबरोबर त्या नोंदी पुन्हा तपासून प्रसिद्ध केल्या. आज जगात कुठेही ‘कॅरिंग्टन वादळ केवढं मोठं होतं’ असा प्रश्न निघाला की उत्तराच्या मुळाशी कुलाब्याचे आकडे असतात.

त्या सकाळी वाचन करणाऱ्या माणसाला कोणी विचारलं असतं की याचा उपयोग काय, तर तो काय सांगणार होता? उपयोग 144 वर्षांनी झाला. त्याने तेव्हा वही मिटली असती तर आज कितीही पैसा ओतून ते आकडे मिळाले नसते.

“साम्राज्याच्या जहाजांसाठी” हा आक्षेप घ्या. कंपनीला जहाजं सुखरूप हवी होती, हे खरं आहे. एवढं मी मान्य करतो आणि याच्या पुढे एक पाऊलही नाही. कारण कंपनी 1858 मध्ये कारभारातून गेली आणि वाचनं चालूच राहिली. 1896 मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी चाळल्या, तपासल्या आणि 1910 मध्ये दोन मोठ्या खंडांत छापल्या. चुंबकीय वादळ कसं सुरू होतं, कसं खोल जातं आणि कसं हळूहळू ओसरतं, याची सरासरी चाल त्यांनी मांडली. पुढे सिडनी चॅपमनने ज्या पायावर वादळांचा अभ्यास उभारला त्यातला एक दगड मूस यांचा आहे. यात साम्राज्याची सेवा कुठे आली?

आणि मूस यांच्याच काळातली ती गोष्ट, जी मी प्रत्येक प्रदर्शनात सांगतो. मुंबईत घोड्यांच्या ट्राम बंद करून विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून जमिनीत पसरणार, आणि ती कुलाब्याच्या नाजूक चुंबकांना हलवत राहणार. साठ वर्षांची नोंद एका वाहनापायी बिघडणार. तेव्हा समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. निवडून आणलेला पोरबंदरचा दगड, बिजागऱ्या आणि खिळे तांब्यापितळेचे, लोखंडाला मज्जाव. 1904 मध्ये काम सुरू झालं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचनं घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांत फट राहू नये. विजेच्या ट्राम त्यानंतर, 1907 मध्ये धावल्या.

त्याच सुमाराला कॅनडाच्या उत्तरेला रोआल ॲमंडसन ‘य्योआ’ या छोट्या जहाजाने आलेला होता. त्याने किंग विल्यम बेटावर खोक्यांच्या फळ्यांची एक झोपडी उभारली, चुंबकीय यंत्रांसाठी, आणि तिला मुद्दाम तांब्याचे खिळे मारले. हाम्बुर्गला गेओर्ग फॉन नॉयमायर यांच्याकडे तो हे शास्त्र शिकून आला होता. नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या शेजारी दोन हिवाळे काढून त्याने दाखवलं की रॉसने 1831 मध्ये पाहिलेला चुंबकीय ध्रुव आता तिथे नाही, सुमारे पन्नास किलोमीटर सरकला आहे. ध्रुव हलतो हे त्यातून पहिल्यांदा सिद्ध झालं. स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावरही त्याच काळात चुंबकीय वेधांच्या खोलीभोवती तीस फुटांत लोखंड ठेवायचं नाही असा नियम होता. तेव्हा 1904 साली एकाच वेळी जगाच्या तीन कोपऱ्यांत माणसं लोखंड दूर सारत होती: आर्क्टिकच्या झोपडीत, अंटार्क्टिकाच्या जहाजावर आणि अलिबागच्या किनाऱ्यावर. यातले दोन ‘शोधवीर’ आणि तिसरा आपल्या हिशेबात नाहीच, हे कोणत्या न्यायाने?

पुरावा आणखी हवा असेल तर नॉर्वेचा क्रिस्तियान बर्कलँड घ्या. 1902-03 मध्ये त्याने उत्तर ध्रुवाकडे चार ठाणी मांडली, ध्रुवीय प्रकाश आणि चुंबकीय वादळं यांचं नातं शोधायला. परत आल्यावर त्याने केवळ आपल्या चार ठाण्यांवर निष्कर्ष काढला नाही. जगभरच्या वेधशाळांकडून त्याच वेळांचे आलेख मागवून शेजारी लावले, आणि त्यांत मुंबईचेही होते. ध्रुवावर काय घडलं ते सांगायला त्याला मुंबई लागली.

माणसं मेली, हा मुद्दा मात्र मी हलक्याने घेत नाही. 1845 मध्ये फ्रँकलिन हीच ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ घेऊन गेला आणि 129 माणसं परत आली नाहीत. पण ते गेले होते वायव्य मार्ग शोधायला, व्यापार आणि नौदलाच्या अभिमानापायी. चुंबकीय वेध हे त्यांना दिलेल्या कामांपैकी एक काम होतं. त्या मृत्यूंचा दोष सुईच्या माथी मारणं अन्याय आहे.

आता फाटकापाशी विचारला जाणारा प्रश्न: वऱ्हाडाला काय? शेतकरी संत्र्याच्या बागेत उभा राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढतो तेव्हा त्याचा फोन आधी त्याची जागा शोधतो. मोजणीचे लोक रोव्हर घेऊन बांध ठरवतात. घर बांधताना वास्तुवाला मोबाइलवर दिशा बघतो, मशिदीत किब्ल्याची दिशा बघितली जाते, छपरावर सोलरचे पत्रे दक्षिणेला वळवले जातात. फोनमधलं होकायंत्र खरी उत्तर सांगू शकतं ते जागतिक चुंबकीय प्रतिमानाच्या जोरावर. ते प्रतिमान दर पाच वर्षांनी नवं होतं, पण उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडातून सायबेरियाकडे वर्षाला पन्नासेक किलोमीटरच्या वेगाने सरकू लागल्यामुळे 2019 मध्ये ते मुदतीआधीच दुरुस्त करावं लागलं. आपल्याकडे खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांत सध्या एक अंशाचाही फरक नाही, हे आपलं नशीब. पण ते नशीबही मोजून कळलेलं आहे.

आणि वादळं थांबलेली नाहीत. 13 मार्च 1989 ला कॅनडात क्युबेकची वीज चुंबकीय वादळाने गेली, साठ लाख माणसं सुमारे नऊ तास अंधारात होती. 10-11 मे 2024 च्या वादळात लडाखमधल्या हानले इथून लाल ध्रुवीय प्रकाशाचे फोटो निघाले, आणि अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. पेरणी थांबणं म्हणजे काय, हे वऱ्हाडाला वेगळं सांगायचं का? “ते तिकडे, थंड देशात” असं म्हणणाऱ्याने 4 फेब्रुवारी 1872 ची नोंद पाहावी. त्या रात्री ध्रुवीय प्रकाश मुंबईहून दिसल्याचं लिहून ठेवलेलं आहे, आणि मुंबई-एडन समुद्री तार कित्येक तास बिघडली होती. आज तिरोड्याहून अकोल्यामार्गे औरंगाबादकडे 765 केव्हीची वाहिनी जाते. आपल्या अक्षांशावर अशा वाहिन्यांना धोका कॅनडाइतका नाही, हे खरं. पण किती कमी आहे हे सांगायला कुलाबा-अलिबागच्याच नोंदी उघडाव्या लागतात. आणि उपग्रहांचा सिग्नल ज्या विद्युतभारित थरातून खाली येतो तो थर मध्य भारतावर सर्वांत दाट आणि चंचल असणाऱ्या पट्ट्यालगत येतो. त्या बाबतीत आपण थंड देशांपेक्षा जास्त उघड्यावर आहोत.

“उपग्रह आहेत ना मग?” आहेत. युरोपचे स्वार्म उपग्रह 2013 पासून फिरत आहेत आणि उत्तम काम करत आहेत. पण उपग्रह सतत हलतो, एका जागी थांबून वर्षानुवर्षं पाहत नाही. तो जे मोजतो त्यात पृथ्वीच्या गाभ्याचं किती आणि वरच्या प्रवाहांचं किती, हे वेगळं काढायला जमिनीवरची ठाणी लागतातच. आणि पृथ्वीचं मुख्य चुंबकत्व 1840 पासून सुमारे नऊ टक्क्यांनी कमी झालं आहे, हे 2013 मध्ये सोडलेला उपग्रह सांगेल कसा? ते सांगतात त्या वह्या, ज्या गाउसच्या रीतीनंतर लगेच सुरू झाल्या आणि ज्यांतली एक मालिका कुलाबा-अलिबाग आहे.

राहिली सहल. 9 जानेवारी 1982 रोजी सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत होत्या, नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरविज्ञानी. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ उभं राहिलं, पुढे ‘मैत्री’ आणि 2012 मध्ये ‘भारती’. या मोहिमांची सूत्रं हलतात गोव्यात वास्कोहून, आणि चुंबकीय यंत्रांची जबाबदारी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. मैत्रीवर चुंबकमापक चालतो, आकाशाचा कॅमेरा चालतो, आणि तिथला आकडा अलिबागच्या, नागपूरच्या, तिरुनेलवेलीच्या आकड्यांशेजारी लावला जातो. 1840 मध्ये केर्गेलेन आणि टोरांटो शेजारी लावले तसा. फरक इतकाच की आता दोन्ही टोकांना आपण आहोत. सुमारे दोन महिन्यांच्या काळोखात तिथे हिवाळा काढणाऱ्या तंत्रज्ञाला ‘सहलीला गेला’ म्हणणाऱ्याने एक रात्र चिखलदऱ्याच्या थंडीत उघड्यावर काढून मग बोलावं.

चिखलदऱ्याचं नाव निघालंच आहे तर तिथल्या काळ्या कातळाचंही सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला तेव्हा त्यातल्या लोहकणांनी त्या वेळच्या चुंबकत्वाची दिशा आणि झुकाव धरून ठेवला. 1950 च्या दशकात इंग्लंडच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनच्या कातळातला हा झुकाव मोजला. तो आजच्या आपल्या झुकावाशी जुळत नव्हता. त्याचा हिशेब मांडला तर ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, तीस अक्षांशांच्या आसपास. खंड सरकतात या गोष्टीवर जगाचा विश्वास बसायला जे पुरावे कामी आले त्यांतला एक आपल्या गाविलगडाच्या डोंगरांसारख्या दगडाचा आहे. झुकावावरून अक्षांश काढायच्या युक्तीला बळ मिळालं कुठून? सुई घेऊन ध्रुवापर्यंत चालत गेलेल्या आणि प्रत्येक मुक्कामाला झुकाव लिहून ठेवलेल्या माणसांकडून. ज्याला वऱ्हाडाचा अभिमान आहे त्याने या मोजणीला परकं म्हणूच नये, कारण पायाखालचा दगड कुठून आला हे तिनेच सांगितलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि मी ती सोडणार नाही. आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या सहली कोकणात जातात, मुलं अलिबागचा किनारा पाहतात, ओहोटीला किल्ल्यात चालत जातात आणि वेधशाळेचं नावही न ऐकता परत येतात. त्यांना ते ठिकाण सांगा. नागपूरला सहल गेली तर तिथेही चुंबकीय वेधशाळा आहे हे सांगा. वर्गात प्रत्येक मुलाच्या हाती सुई आणि दोरा द्या आणि तीस अंशांचा झुकाव त्याच्या डोळ्यांनी पाहू द्या. आणि पाठ्यपुस्तकात जिथे रॉस आणि ॲमंडसन यांची नावं येतात तिथे केरूनाना छत्रे आणि नानाभाई मूस यांची नावं आली पाहिजेत. पानाच्या कडेला ‘भारतीयांचे योगदान’ अशी वेगळी चौकट करून नव्हे. त्याच परिच्छेदात, त्याच वाक्यात, कारण काम एकच होतं.